हत्यारांची खोली



वसंतातल्या संध्याकाळी गावातल्या माणसांनी एकत्र बसून चार विचार ऐकावेत, ही चाल न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू करून पाडली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर इतिहास, राजकारण, साहित्य, अध्यात्म असे थोर विषय येत आले. त्यांच्या रांगेत आज मी ‘हत्यारांची खोली’ हा विषय घेऊन उभा आहे. हे नाव फळ्यावर वाचून काहींना हसू आले असेल. साहजिकच आहे. मीही आयुष्यभर मुलांना फिटरकाम शिकवले; कानस कशी धरावी, पाना कसा लावावा हे सांगितले; परंतु पाना ठेवावा कोठे, हा व्याख्यानाचा विषय आहे असे मला कधी वाटले नव्हते. एका रात्रीने ते मला शिकवले. ती रात्र आणि तिच्यानंतर मी जे केले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम ही खोली म्हणजे कोणती, ते सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ती आहे. कोणाकडे ती पडवीचे एक टोक असते, कोणाकडे जिन्याखालची जागा, कोणाकडे गोठ्याशेजारची पत्र्याची खोली. तीत हातोडी असते, करवत असते, पाने-पकडी असतात, जुन्या मोटारीची तार असते, फवारणीचा पंप असतो, मोडक्या खुर्चीचे तीन पाय असतात. पाहुणा आला की आपण तिचे दार लोटून घेतो. घरातल्या बायका तिला अडगळ म्हणतात आणि पुरुष तिला ‘माझी खोली’ म्हणतात. खोली मात्र एकच असते.

हा पसारा आळशी माणसाचा असतो, असे कोणी समजू नये. माझा अनुभव उलट आहे. आळशी माणसाकडे पसाराच नसतो, कारण तो काही करीतच नाही. पसारा होतो तो कामसू आणि काटकसरी माणसाकडे. ज्याने टंचाईचे दिवस पाहिले त्याला वाकडा खिळासुद्धा टाकवत नाही. तो खिळा दगडावर ठोकून सरळ करतो आणि डब्यात टाकतो. ‘लागेल कधीतरी’ हे त्याचे वचन असते आणि ते खोटेही नसते. पण लागेल तेव्हा तो खिळा सापडला नाही, तर काटकसर कसली झाली? आपण खिळा राखला आणि वेळ घालवला. टाकलेल्या वस्तूत आणि न सापडणाऱ्या वस्तूत फरक इतकाच, की न सापडणारी वस्तू जागाही अडवते.

आता माझी हकीकत सांगतो. मी निमगाव केतकीचा. आपल्या इंदापूर तालुक्यातले हे गाव पानमळ्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि आषाढीच्या वाटेवर तुकोबारायांची पालखी तेथे मुक्कामाला असते. आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, मूळचे सुतारकामाचे. पुढे विहिरींवर तेलाची इंजिने आली, इंजिनांमागून विजेच्या मोटारी आल्या. तसतसा आबांच्या पटाशीशेजारी पाना येऊन बसला, रंध्याशेजारी ग्रीसचा डबा आला. शाळा त्यांनी फारशी पाहिली नाही, पण मोटारीच्या आवाजावरून बेअरिंग गेले की नाही ते सांगत. त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. मी सुट्टीत घरी आलो की म्हणायचो, ‘आबा, एकदा आवरू या.’ ते म्हणत, ‘मास्तर, तुझी शाळा तू आवर. माझ्या पसाऱ्यात मला डोळे मिटून सापडतं.’

आणि हे अगदी खरे होते. त्यांना सापडायचे. एखादा वायसर मागा, चार डबे बाजूला करून ते पाचव्या डब्यातून तो काढून देत. गावात त्यांचे कौतुक होते आणि त्यांनाही त्याचा अभिमान होता.

सुमारे बारा वर्षांपूर्वी, चैत्रात, आबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांना पुण्याला दवाखान्यात ठेवले. धाकटा भाऊ त्यांच्याजवळ राहिला आणि मी कपडे व पैसे नेण्यासाठी एका रात्रीपुरता गावी आलो. त्याच रात्री शेजारच्या मळ्यातले नाना दारात आले. त्यांचा पंप पाणी धरीत नव्हता. ग्लँडदोरी झिजली होती आणि तेथून हवा ओढली जात होती. काम लहान. दोन नट सैल करायचे, जुनी दोरी ओढून काढायची, नवी भरायची. अर्ध्या तासाचे. पण पंप जुना, त्याचे नट इंची मापाचे. त्याला मिलिमीटरचा पाना लावला तर तो घसरतो आणि नटाचे कोपरे खातो. इंची मापाचा तसा पाना आमच्याकडे एकच होता.

वीज रात्रीच्या पाळीची होती. पहाटे जाणार होती. नानांनी मागची पाळी याच पंपापायी गमावली होती. नागवेलीचे मूळ उथळ असते. उसासारखी ती दहा दिवस वाट पाहत नाही. तिला थोडे आणि वारंवार पाणी लागते. चैत्रातले ऊन आपणा सर्वांना ठाऊक आहे. मी बॅटरी घेऊन खोलीत शिरलो. एकेक डबा काढला. एकेक पोते उपडे केले. ग्लँडदोरी रात्री दोनच्या सुमारास सापडली, ‘चहा’ असे लिहिलेल्या डब्यात. पाना सापडला नाही. ज्याला तो कोठे आहे हे ठाऊक होते तो माणूस पुण्यात खाटेवर पडला होता, आणि मी फोन कानाशी धरून विचारले असते तरी त्याला सांगता येणार नव्हते. शेवटी मी मिलिमीटरचाच पाना लावला आणि मला भीती होती तेच झाले. एका नटाचे कोपरे गेले. वीज गेली. उजाडले. नाना एवढेच म्हणाले, ‘राहू द्या मास्तर. आबांकडं बघा आधी.’

त्यांच्या मळ्याची एक बाजू त्या चैत्रात वाळली. पानमळा म्हणजे वर्षावर्षांची जोपासना असते. नानांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

तो पाना मला आठ दिवसांनी सापडला. दाराच्या मागे खुंटीला आबांचा खाकी सदरा टांगलेला होता, त्याच्या खिशात. त्या रात्री मी तो सदरा दोन वेळा बाजूला सारून मागे पाहिले होते.

श्रोतेहो, त्या सदऱ्यापुढे उभा असताना मला जे उमगले ते हे. आबांच्या खोलीत व्यवस्था नव्हती असे नाही. व्यवस्था होती, पण ती सगळी त्यांच्या डोक्यात होती. भिंतीवर, फळीवर, डब्यावर तिचा काहीच अंश नव्हता. डोके आजारी पडताच व्यवस्थाही आजारी पडली. जी व्यवस्था एकट्यालाच कळते, ती त्या माणसाची स्मरणशक्ती होय. तिला व्यवस्था म्हणता येत नाही. आपण घरी नसताना दुसऱ्याला वस्तू सापडली, तरच ती खोली आवरलेली आहे असे मी आता मानतो. खोली सुंदर दिसते की नाही, हा पुढचा प्रश्न.

ही गोष्ट मोठ्या कारखान्यांना फार पूर्वीच शिकावी लागली. फ्रँक गिलब्रेथ या अमेरिकन माणसाने विसाव्या शतकाच्या आरंभी गवंड्याचे काम न्याहाळले. गवंडी प्रत्येक विटेसाठी खाली वाकतो, वीट उचलतो, फिरवून चांगली बाजू पाहतो. गिलब्रेथने विटा अगोदर निवडून, त्याच्या हाताच्या उंचीवर, एकाच दिशेने रचून ठेवल्या. एका विटेमागे १८ हालचाली होत त्या ५ वर आल्या, आणि तासाला १२० विटा लावणारा गवंडी ३५० लावू लागला असे नमूद आहे. गवंडी तोच, थापी तीच; बदलली ती विटेची जागा.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखानदारांनी हीच गोष्ट पाच शब्दांत बांधली : सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके. आपल्या भाषेत सांगायचे तर निवड, मांडणी, झाडलोट, नेम आणि शिस्त. आज आपल्याकडील कारखान्यांतही या पाच शब्दांच्या पाट्या लागलेल्या दिसतात. विमानांच्या दुरुस्तीशाळेत तर प्रत्येक हत्याराची आकृती फळीवर रंगवलेली असते. काम संपल्यावर एक जरी आकृती रिकामी दिसली तरी विमान सोडीत नाहीत, कारण विसरलेला पाना इंजिनात राहिला असेल तर त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागते.

हे दूरचे वाटत असेल तर आपल्याच तालुक्याकडे पाहा. वालचंदनगर साखर कारखान्याच्या निमित्ताने वसले. त्याच ठिकाणी पुढे यंत्रे घडू लागली, आणि २०२३ साली चंद्रयान-३ ज्या प्रक्षेपकाने नेले त्याच्या मोठ्या बूस्टरची कवचे तेथे बनलेली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलीचे दुकान काढले; किर्लोस्करवाडी त्यानंतर बावीस वर्षांनी, १९१० साली उभी राहिली. कारखाने आभाळातून पडत नाहीत. ते एखाद्या दुकानाच्या मागच्या बाजूला, हत्यारांच्या खोलीतच जन्म घेतात. म्हणून तिला अडगळ म्हणून हिणवू नये.

आणि खरे सांगायचे तर हे शहाणपण आपल्याला परके नाही. पानमळ्यात खुडलेली पाने पाहा. मोठे वेगळे, लहान वेगळे, डागाळलेले बाजूला, आणि मग एकावर एक रचायचे. हे हात दिवसभरात हजारो पाने निवडतात. त्याच हातांना घरातले खिळे निवडता येत नाहीत काय? पालखीचा मुक्काम पाहा. लाखो माणसे एका गावात उतरतात. तरी चुकलेला वारकरी आपल्या दिंडीत परत जातो, कारण रथापुढे कितवी आणि रथामागे कितवी हे ठरलेले आहे. गर्दी आहे, पण गोंधळ नाही. जो तो आपल्या जागी आहे. आणि खंडेनवमी! आश्विन शुद्ध नवमीला आपण हत्यारे धुऊनपुसून, तेल लावून, झेंडूची फुले वाहून पाटावर मांडतो. त्या एका दिवशी प्रत्येक घरात निवड, मांडणी आणि झाडलोट होते. जपानी माणसाने सांगितलेल्या पाचांपैकी तीन गोष्टी आपण वर्षातून एकदा करतो. उरलेल्या दोन, नेम आणि शिस्त, यांना मात्र आपण दसऱ्याबरोबर सीमोल्लंघनाला धाडून देतो.

आता मी प्रत्यक्ष काय केले ते सांगतो. कोणाला उपयोगी पडले तर पडो.

प्रथम सारी खोली अंगणात काढली. हे एका दिवशीच करावे. कोपरा कोपरा करून आवरायला गेले की पसारा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरतो. अंगणात चार ढीग केले : नेहमी लागणारे, कधीतरी लागणारे, दुसऱ्याचे, आणि भंगार. अकरा पेचकस निघाले, त्यांतले चार धड होते. एकाच मापाचे वायसर तीन डब्यांत निघाले. सापडत नाहीत म्हणून आबांनी ते पुन्हा पुन्हा विकत आणले होते. दुसऱ्यांच्या वस्तूंचा ढीग पाहून मला शरम वाटली. गावातल्या सात घरांच्या वस्तू त्यात होत्या. त्या त्याच संध्याकाळी घरोघर पोचवल्या, आणि आमच्याही दोन वस्तू त्यांच्याकडून परत आल्या.

मग जमिनीवर काही ठेवायचे नाही असे ठरवले. लाकूड जमिनीवर ठेवले की वाळवी लागते. ते भिंतीला आडव्या खुंट्या ठोकून वर ठेवले. लोखंड जमिनीवर ठेवले की पावसाळ्यात ओल धरते आणि गंजते. नेहमीची हत्यारे एका फळीवर, छातीच्या उंचीला टांगली आणि प्रत्येकाभोवती खडूने, नंतर रंगाने, रेघ ओढली. हत्यार जागेवर नसले की रेघ ओरडून सांगते. पाने मापाच्या क्रमाने लावले. इंची मापाच्या पान्यांना तांबडा पट्टा दिला आणि मिलिमीटरच्या पान्यांना पिवळा. खिळे, स्क्रू, वायसर काचेच्या बरण्यांत भरले, म्हणजे लिहिलेले वाचता न येणाऱ्यालाही आतले दिसते. जेथे लिहिले तेथे आत असेल तेच लिहिले. ‘चहा’च्या डब्याची गोष्ट मी विसरलो नव्हतो.

दोन गोष्टी मात्र मी हात जोडून सांगतो, कारण त्यांत जिवाचा प्रश्न आहे. फवारणीचे औषध कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. ज्या बाटलीत आले त्याच बाटलीत, तिच्यावरच्या कागदासह, कुलपात ठेवा. तहानलेले मूल बाटलीचा आकार पाहते, वास पाहत नाही. आमच्या खोलीत अशी एक बाटली निघाली. घरात तेव्हा लहान मुले होती. तिच्याविषयी मी अधिक बोलत नाही. दुसरी गोष्ट चिंध्यांची. लाकडाला जवसाचे तेल लावून झाल्यावर ती चिंधी बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ते तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि तापते. बोळ्यातली उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, आणि काडी न लावता चिंधी पेटू शकते. ती उघड्यावर पसरून वाळवा, किंवा पाणी घालून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

शेवटी दाराशी एक वही टांगली. कोणी काही उसने नेले की नाव आणि तारीख लिहायची. यात अविश्वास नाही. नेणाऱ्यालाही विसरण्याचा त्रास होतो, तो वाचतो. आणि रोजचा नेम असा ठेवला, की काम संपण्याआधी दहा मिनिटे हात थांबवायचे आणि प्रत्येक वस्तू तिच्या रेघेत लावूनच दिवा घालवायचा. हा नेम सर्वांत सोपा दिसतो आणि तोच सर्वांत अवघड आहे. दमलेला माणूस म्हणतो, ‘उद्या लावू.’ सारा पसारा या ‘उद्या’चाच बनलेला असतो.

आता एक चूक कबूल करतो. मी हे सर्व आबांना न विचारता केले. दोन महिन्यांनी ते घरी आले. काठी टेकत खोलीच्या दारात उभे राहिले. मला वाटले होते, ते खूश होतील. त्यांनी भिंतीकडे पाहिले, भंगाराचा कोपरा रिकामा पाहिला, आणि त्यांचे डोळे भरून आले. बोलता येत नव्हते. डाव्या हाताने ते नुसते त्या कोपऱ्याकडे दाखवत राहिले. तेथे एका जुन्या इंजिनाचे चाक होते; त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुरुस्त केलेल्या इंजिनाचे. मला ते ठाऊक नव्हते. मी भंगारवाल्याकडे धावलो. चाक गेले होते.

तेव्हा ज्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांची खोली आवरायची आहे त्यांना माझे सांगणे आहे : ती त्यांच्या देखत आवरा. आपल्याला जे भंगार दिसते ते दुसऱ्याचे आयुष्य असू शकते. मी मग आबांना एक लाकडी पेटी करून दिली. तीत काय ठेवायचे ते त्यांनी ठरवायचे. कोणी विचारायचे नाही, कोणी हात लावायचा नाही. पेटी भरली की मात्र नवे ठेवताना जुने एक काढायचे. त्या पेटीने आमचे भांडण मिटवले. प्रत्येक घरात अशी एक पेटी असावी, असे मला वाटते.

कोणी म्हणेल, ‘एवढा वेळ आहे कोणाला?’ मी हिशेब मांडतो. दिवसाला शोधाशोधीत पंधरा मिनिटे गेली तर वर्षाला नव्वद तास होतात. आमची खोली आवरायला तीन दिवस लागले. दुसरा कोणी म्हणेल, ‘पसाऱ्यातच कल्पना सुचतात.’ सुचत असतील. पण सुचलेली कल्पना करून पाहायला पटाशी लागते, आणि ती सापडावी लागते.

आबा त्यानंतर चार वर्षे होते. वाचा पुरती आली नाही. पण रोज सकाळी ते त्या खोलीत बसत. गावातला कोणी पोरगा हत्यार मागायला आला की डाव्या हातातली काठी उचलून फळीवरच्या जागेकडे दाखवत. पोरगा बरोबर पाना काढून घेई, वहीत नाव लिही आणि संध्याकाळी त्या रेघेत परत लावी. त्यांना बोलता येत नव्हते, तरी त्यांची विद्या त्या भिंतीवरून बोलत होती. नानांचा पंप त्यांच्याच मुलाने पुढच्या चैत्रात आमच्या खोलीतून पाना नेऊन स्वतः दुरुस्त केला. मी तेव्हा गावातही नव्हतो. वहीत तारीख आहे.

खंडेनवमीला अजून अवकाश आहे. तिची वाट पाहू नका. आज घरी गेल्यावर एवढेच करा : घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी, पत्नीला, मुलीला, नातवाला सांगा, ‘जा, अमुक पाना घेऊन ये,’ आणि आपण जागचे हलू नका. तो सापडला तर माझे व्याख्यान आपल्याला नको होते. नाही सापडला, तर उद्या सकाळी सारी खोली अंगणात काढा. आणि घरात कोणी वडीलधारे असतील तर अंगणात त्यांच्यासाठी आधी एक खुर्ची टाका.